दीड सूर खाली

४ मार्च

भाऊजी,

तुमचे चार फोन येऊन गेलेले दिसले. उचलले नाहीत म्हणून रुसू नका. मला बोलायची बंदी आहे. कुजबुजायचीसुद्धा नाही, त्याने म्हणे घशाला जास्तच ताण पडतो. मोबाईलवर लिहायला गेले की माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो, तेव्हा कागद-पेन घेऊन बसले आहे. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवून झाली की सावकाश वाचा.

तुमच्या दादांनी 'तिचा घसा बसलाय' एवढंच सांगितलं असणार. टायर फुटला काय आणि बायको फुटली काय, बातमी तीन शब्दांत द्यायची हा त्यांचा खाक्या. घसा बसलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं, उजव्या स्वरतंतूवर रक्त साकळलंय. तीन आठवडे तोंडाला कुलूप, मग हळूहळू बोलणं, आणि गाण्याचं काय ते सहा-सात आठवड्यांनी सांगतील.

दुकानात माझी काय शोभा चाललीय विचारू नका. गिऱ्हाइकाचा चष्मा काढून घेते, खुर्चीत बसवते, आणि 'समोरची खालची ओळ वाचा' असं पाटीवर लिहून धरते. तर ते पाटी वाचता येत नाही म्हणून डोळे बारीक करतं. काल एका आजोबांनी पाटीलाच नंबर लावायची परीक्षा समजून 'धूसर दिसतंय' म्हणून सांगितलं. मला हसायचीही बंदी आहे.

आता झालं काय ते. तुमची बदली झाली, आपला बँड बसला. सव्वीस वर्षं दादांच्या टायरच्या गोदामात दर मंगळवारी आणि शनिवारी रॉकची गाणी ओरडलेली बाई मी, रिकामी बसून काय करणार? दातवाल्यांनी त्यांच्या बँडमध्ये बोलावलं. हा माणूस दिवसा लोकांचे दात काढतो आणि संध्याकाळी कान, पण गिटार बरी वाजवतो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'बाई, पट्टी कुठली ठेवू?' मी म्हटलं, 'मूळ. रेकॉर्डवर आहे तीच. एकावन्न वर्षांची आहे, पण अजून मूळ पट्टीत गाते. हव्या त्याला विचारा.' तालमीत मी नेहमीप्रमाणे अर्ध्याच आवाजात गायले. वरती जरा ताणल्यासारखं वाटलं, म्हटलं सर्दी असेल.

नाट्यगृहात सहाशे माणसं होती. घोडदौडवालं गाणं झालं, घंटावालं झालं. त्याच्या शेवटीच घसा तापला होता. मग किंकाळीवालं. तुम्हाला माहीत आहे तिथे मी कशी जाते, डोळे मिटून. गेले, आणि वर काही नव्हतंच. पायरी आहे समजून पाय टाकावा तसं झालं. आत काहीतरी चटकन तुटलं, फार दुखलं नाही, पण आवाजाच्या जागी नुसती हवा. काही लोक हसले. दातवाल्यांनी उरलेलं गाणं वाद्यांवरच संपवलं.

मी काही खुळी नाही. हेच गाणं सहा महिन्यांपूर्वी मी तुमच्या गिटारवर पाणी प्यावं तसं गायलेय. म्हणजे यांनी पट्टी चढवली होती. मुद्दाम की चुकून, देव जाणे. आणि वर ते गावभर सांगतायत की आम्ही मूळ पट्टीतच होतो, बाईंनीच थाप मारली.

तुम्ही फक्त चार ओळी लिहून पाठवा, की 'या माझ्या गिटारवर आजवर मूळ पट्टीत गात आल्या आहेत, शेवटचा कार्यक्रमही त्याच पट्टीत झाला.' खाली सही. ते मी नाट्यगृहाच्या चिटणिसांकडे देणार. गळ्याचं व्हायचं ते होईल, पण खोटारडी म्हणवून घेत मी या गावात चष्मे विकणार नाही.

तुमची वहिनी

९ मार्च

वहिनी,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. वाफ घ्या, पाणी पीत राहा, आणि दादाला दोन-तीन वेळा पाटी फेकून मारायची झाली तर माझी हरकत नाही.

इथे नवीन काही नाही. खोली बरी आहे, खिडकी समोरच्या भिंतीत उघडते. परवा एका सहा मजली इमारतीत नवरा-बायको लिफ्टमध्ये अडकले. मी दार उघडलं, तर बाई म्हणाल्या, 'थांबा पाच मिनिटं, आमचं बोलणं संपायचंय.' मी बाहेर उभा राहिलो. चांगली वीस मिनिटं लागली.

त्या चार ओळींचं म्हणाल तर, दातवाल्याच्या कशाला तोंडी लागायचं? लोक आठ दिवस बोलतील आणि विसरतील. कागद मात्र एकदा दिला की दिलाच. तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू. आणि एक सांगतो, आता कोणाकडे 'मूळ पट्टी, मूळ पट्टी' म्हणून विषय काढू नका. लोक उगाच शब्दात पकडतात.

दादाला म्हणावं, फोन कर.

तुमचा धाकटा दीर

१४ मार्च

भाऊजी,

लिफ्टची गोष्ट छान आहे. मी चार ओळी मागितल्या होत्या, तुम्ही चोवीस पाठवल्यात आणि त्यात ती एक नाही.

'बघू' काय बघू? इथे मी एक उद्योग करून बसले आहे, तोही ऐका. चिटणिसांना मी स्वतःच लिहून दिलं, की दातवाल्यांनी पट्टी चढवून माझा गळा फाडला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाटीवर तेच लिहून दाखवते. निम्म्यांना वाचता येतं. काल दातवाल्यांचा निरोप आला, की बाईंनी कुठलाही माणूस आणावा, हवं ते यंत्र आणावं, आमच्या तारा तपासाव्यात. वरून सांगितलं, दाढ दुखली तर मात्र आता दुसरीकडे जा.

तुमच्या सहीशिवाय अडतंय म्हणून मी मौनीकडे गेले. सव्वीस वर्षं तुमच्या शेजारी उभं राहून बेस वाजवणारा माणूस, त्याला पट्टी ठाऊक नसेल तर कोणाला? रंगाच्या दुकानात डबे मांडत होता. पाटी पुढे केली. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही, डब्यांकडे बघितलं आणि म्हणाला, 'त्यालाच विचारा.' त्याच्या तोंडून एका वर्षात मी ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य.

तर त्यालाच विचारते आहे. काय भानगड आहे?

वहिनी

१८ मार्च

वहिनी,

चार ओळी लिहून देत नाही, कारण त्या खोट्या होतील. दातवाला मूळ पट्टीतच होता. आपण नव्हतो. सहा वर्षं नव्हतो.

आधी अर्धा सूर खाली, दोन वर्षांनी एक सूर, आणि शेवटची अडीच वर्षं दीड सूर. तुम्ही दुकान बंद करून गोदामात पोचायच्या आत मी आणि मौनी तारा उतरवून ठेवायचो. ढिल्या तारा खरखरतात म्हणून जाड घातल्या. तुम्ही एकदा विचारलंतही, मी म्हटलं नाद भारी येतो. सूर दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेवर काळी चिकटपट्टी होती, ती मी तुमच्या पाठीमागे उचलून बघायचो. तुम्हाला काच फुटलीय म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मूळ गाणं कधी ऐकत नाही, ऐकलं की नक्कल होते म्हणता, त्यामुळे पकडला जायची भीती नव्हती. घंटावाल्याच्या कडव्यांची चाल मी बदलली होती ना? गाणं उतरवल्यावर कडवं इतकं खाली गेलं की तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. म्हणून फक्त कडवी वर उचलून बांधली आणि 'आपली स्वतःची ओळख हवी' असं सांगून मोकळा झालो. तुम्ही ते कौतुकाने दहा जणांना सांगितलंत. तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला आठवतच असेल. मी सरळ म्हटलं होतं, 'वहिनी, अर्धा सूर खाली घेऊ या का, किंकाळी जरा चिरतेय.' तुम्ही माइक ठेवलात. म्हणालात, 'पट्टी उतरवायची वेळ आली की मला सांगू नका, मी आपण होऊन उतरेन.' आणि दोन महिने आला नाहीत. दादा घरात पाय वाजवायलाही घाबरत होता. मग एका मंगळवारी तुम्ही आपण होऊन आलात. मला निरोप आधी मिळाला होता, तारा मी उतरवून ठेवल्या होत्या. म्हटलं, एकदा गाऊ दे, हुरूप येऊ दे, पुढच्या आठवड्यात सांगतो. तुम्ही गायलात आणि खाली बसून म्हणालात, 'बघा, काही झालेलं नाही मला.' त्यानंतर सांगायची हिंमत झाली नाही. पुढचा आठवडा आलाच नाही.

हे सगळं मायेपोटी केलं असं लिहून मी सुटलो असतो. पूर्ण खरं नाही ते. 'पन्नाशीतली बाई मूळ पट्टीत गाते' ही आपली जाहिरात होती. लोक त्यासाठी यायचे. आणि तिच्या मागे गिटार घेऊन मी उभा असायचो. मला ते आवडायचं.

आता सर्वांत वाईट. मी निघालो त्या दिवशी बसस्टँडवर तुम्ही विचारलंत, 'दातवाले बोलावतायत, जाऊ का?' बस सुटायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत सांगून झालं असतं. मी म्हटलं, 'जा की.' खिडकीतून हातही हलवला. रस्ताभर मनाशी म्हणत होतो की पोचल्यावर फोन करून सांगू. पोचलो, खोली लावली, आणि नाही सांगितलं.

दादाला यातलं काही ठाऊक नाही. ड्रमला पट्टी नसते, त्याला कळायचं कारणच नव्हतं. त्याला बोल लावू नका. मौनीलाही नको, तो मला दर महिन्याला सांगायचा, 'बोल आता.' दोनच शब्द, पण दर महिन्याला.

चुकलो हा शब्द फार लहान आहे. माझ्याकडे दुसरा नाही.

तुमचा दीर

२ एप्रिल

बाळ्या,

तिच्या वतीने लिहीत नाहीये. तिला ठाऊकही नाही.

तुझं पत्र तिने टायरच्या चळतीवर बसून वाचलं आणि माझ्याकडे दिलं. बोलायची परवानगी मिळून आठ दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज थोडं बोला, न बोलणंही बरं नव्हे. ती बोलत नाही. पाटी घेऊनच फिरते. 'मीठ' लिहिते, मी मीठ देतो.

तुझ्यावर मी ओरडणार होतो. मग वाटलं, ड्रमला पट्टी नसते हे खरं, पण मी तिच्या मागे चार हातांवर बसायचो. नवऱ्याला कळायला हवं होतं. कार्यक्रम झाला की आधी तिचा घसा दोन दिवस बसलेला असायचा. मग सहा वर्षांपूर्वी बसेनासा झाला. मी म्हटलं, वा, तब्येत सुधारली. टायरची हवा किती आहे ते मी लाथ मारून सांगतो, आणि हे कळलं नाही.

तू सध्या येऊ नकोस. पत्र लिहायचं तर लिही, ती उघडेल की नाही सांगत नाही. गोदामात मी नवीन माल भरला आहे. ड्रम मागच्या भिंतीला लावून ठेवलेत, वर ताडपत्री टाकली.

दादा

२० एप्रिल

भाऊजी,

तुमची मधली तीन पत्रं आली. उघडली नाहीत. हे उत्तर त्यांचं नाही, अठरा मार्चच्या पत्राचं आहे.

आधी दातवाल्यांचं. मी त्यांच्या दवाखान्यात गेले. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांनी मला त्या आडव्या खुर्चीत बसवलं. माफी मागायची तीही छताकडे बघत. पाटीवर लिहिलं, 'चूक माझी. तुमच्या तारा बरोबर होत्या.' त्यांनी वाचलं, मग म्हणाले, 'बाई, तुम्ही तालमीत अर्ध्या आवाजात गायलात तेव्हा एकदा पूर्ण लावून घ्या म्हणायला हवं होतं मी. पण तुमचा दबदबा फार.' चिटणिसांकडचं पत्र मी परत मागून घेतलं. एवढं करून घरी आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या दादांशी बोलले. म्हटलं, 'चहा ठेवा.' आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. तुमचे दादा चहा ठेवायचा सोडून डोळे पुसत बसले, शेवटी मीच ठेवला.

डॉक्टरीणबाईंचा निकाल लागला. रक्ताचा डाग गेला, व्रण राहिला. बोलणं ठीक होईल. घरात भांडी घासताना गुणगुणायला हरकत नाही. किंकाळी नाही, आणि माइक हातात धरून तासभर गाणं नाही. ऑपरेशनने सुधारेल का विचारलं, त्या म्हणाल्या, सुधारेल किंवा बिघडेल. मी नको म्हटलं.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे, मी माइक ठेवून गेले होते, तसंच बोलले होते. माझा ताठा मी विसरलेले नाही. पण दोन महिन्यांनी मी त्या मंगळवारी परत कशाला आले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मी अर्धा सूर खाली गायला आले होते, भाऊजी.

दोन महिने घरात बसून, स्वतःशी भांडून, शेवटी ठरवलं होतं. पंचेचाळीस वर्षांची झाले, गळा काही लोखंडाचा नाही, भाऊजी बरोबर म्हणत होते. जिन्यावर वाक्यसुद्धा तयार केलं होतं, 'चला, उतरवा तुमचा तो अर्धा सूर, आता तरी हसा.' आत आले, तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. लगबगीने सूर दिलात, ड्रम सुरू झाले, मी गायले. आणि जमलं. सहज जमलं. मला वाटलं, अगं बाई, मग उतरवायची गरजच नाही, मी उगाच दोन महिने रडले. ते वाक्य गिळून टाकलं. त्याच्या जागी म्हटलं, 'काही झालेलं नाही मला.'

तुम्ही एक मंगळवार थांबला असतात. नुसतं 'काय ठरवलंत?' एवढं विचारलं असतंत.

मग आपण काय काय केलं असतं, याची मी रोज यादी करते. किंकाळीवाल्यातली किंकाळी काढून तिथे तुमची गिटार ओरडली असती. घोडदौडवालं पार खाली नेऊन मी ते दात-ओठ खात म्हटलं असतं. सात मिनिटांचं गाणं आपण वरच्या टोकामुळे कधी नीट बसवलं नाही, ते बसवलं असतं. आपण दोघं चटईवर बसून एकेक गाणं माझ्या मापाने कापून शिवलं असतं. तुम्ही ते शिवलंतच, पण एकट्याने, आणि मापं चोरून घेतलीत. मला माझा आत्ताचा आवाज ठाऊकच नव्हता. सहा वर्षं मी तो जुनाच समजून वापरला, आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन तोडून बसले.

मागच्या आठवड्यात शटर अर्धं ओढून दुकानात बसले आणि मूळ गाणी ऐकली. वीस वर्षांनी. मग आपलं शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलं. मग परत मूळ. मी कशी गायले होते ते मला कळेचना. कान फक्त दीड सूर मोजतायत. गाणं ऐकूच येत नाही.

म्हणून एकच विचारते. खरं सांगा. त्या सहा वर्षांत मी कशी गात होते?

वहिनी

२५ एप्रिल

वहिनी,

तो मंगळवार मी कितीदा आठवला असेल. तुम्ही दारातून आत आलात, काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, हे मला दिसलं होतं. मला वाटलं तुम्ही भांडणार. म्हणून घाईने सूर दिला. म्हणजे तुमचं वाक्य मीच बुडवलं. हे कळून चार दिवस झाले, मी कामावर जातो, लिफ्टचे दोर तपासतो, सही करतो, आणि त्या दारातच उभा असतो.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. तुम्ही आधीच्या वीस वर्षांपेक्षा चांगल्या गात होतात.

वरच्या पट्टीत तुम्ही जबरदस्त होतात, लोक तोंडात बोट घालायचे. पण तुमचं सगळं लक्ष पोचण्याकडे असायचं. टोक आलं, गाठलं, टाळ्या. शब्द कुठल्या कुठे जायचे. दीड सूर खाली आल्यावर तुम्हाला पोचायची चिंताच उरली नाही आणि तुम्ही थांबायला शिकलात. घंटावाल्यात शेवटच्या कडव्याआधी तुम्ही एक श्वास जास्त घ्यायला लागलात, आणि तेवढ्या वेळात सगळं सभागृह गप्प व्हायचं. शेवटच्या कार्यक्रमात तर त्या श्वासाच्या वेळी मौनी वाजवायचं विसरला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, तर तो तुमच्याकडे बघत होता. रात्री सामान आवरताना त्याने मला सांगितलं, 'आज झालं ते पुन्हा होणार नाही.'

हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर कितीदा आलं. पण 'आता तुम्ही जास्त चांगल्या गाता' म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, आता म्हणजे कधीपासून? आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी दर वेळी तेच म्हणत आलो, 'वहिनी, तुम्ही होतात तशाच आहात.' तुम्ही खूश व्हायचात. तेही खोटंच होतं.

आज लिहिलंय ते खरं आहे. सहा वर्षं खोटं बोललेल्या माणसाच्या तोंडचं आहे, त्याला माझा इलाज नाही.

रविवारी सुट्टी आहे. मी गिटार घेऊन येतो. तारा तुमच्यासमोर लावीन, यंत्र तुमच्या हातात देईन. गुणगुणण्याची परवानगी आहे ना, मग तेवढ्यातच काहीतरी बांधू. एक सूर खाली, तीन सूर खाली, तुम्ही म्हणाल तिथे. फक्त 'या' म्हणा.

तुमचा दीर

३० एप्रिल

भाऊजी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. त्या श्वासाचं तुम्ही लिहिलंत तिथे मी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. श्वास आहे खरा. लोक गप्प झाले की ध्वनिमुद्रण गप्प झालं, ते समजत नाही.

मौनीच्या दुकानात जाऊन विचारलं. त्याने मान हलवली, हो म्हणून. पण तो तर सहा वर्षं मानच हलवत होता. तुमच्या दादांना विचारलं, ते म्हणाले, 'मला तू कायमच आवडतेस, माझं काय धरतेस.' एका गिऱ्हाइक बाईंनी परवा आपण होऊन सांगितलं की तुमचा शेवटचा कार्यक्रम अंगावर काटा आणणारा होता. मी लगेच मनात म्हटलं, यांना काय कळतंय. आधी असं नव्हतं. आधी कोणी छान म्हणालं की मी सरळ घेऊन टाकायचे.

तुमच्यावर विश्वास ठेवायची फार इच्छा आहे, भाऊजी. रोज सकाळी उठून प्रयत्न करते. जमत नाही.

रविवारी जेवायला या. दादा वाट बघतायत, ते बोलून दाखवणार नाहीत. मीही बघतेय. गिटार आणू नका.

तुमची वहिनी